वीसची खूण

४ जानेवारी

ठमे,

पत्र फाडायच्या आधी एवढं वाच की आईच्या पायाला जखम झाली आहे आणि ती भरत नाही. बाकीचं वाटलं तर फाड.

पत्ता मावशीने दिला. सहजासहजी नाही, मी हात धुऊन मागे लागले तेव्हा कुठे. फोन तू माझाच तेवढा उचलत नाहीस असं दिसतंय. मावशी म्हणाली, तू एका लाँड्रीत हॉटेलांच्या चादरी इस्त्री करतेस. तीन वर्षं नर्सिंग शिकून चादरी! लिहायला बसताना ठरवलं होतं की टोमणा मारायचा नाही, आणि पहिल्याच पानावर मारला. तुझी ताई काही सुधारलेली नाही, एवढी तरी तुझी खात्री पटली असेल.

आईचं सांगते. बाबा गेल्यावर वर्षभरात तिलाही साखर निघाली, ते तुला माहीत नसणार. इतकी वर्षं गोळ्यांवर भागलं. दिवाणाखालची नवी चप्पल काढून घातली, पट्टा घासला, डाव्या पायाच्या बोटाला फोड आला. तिला कळलाच नाही, कारण तळव्याची जाणीवच गेलेली. मी रोज वर्गात तीस-तीस नर्सांना शिकवते, पेशंटला डोळे मिटायला सांगा, तळव्याला हा नायलॉनचा धागा टेकवा आणि विचारा कळतंय का. आईच्या पायाला तो धागा मी एकदाही लावला नाही. तिच्या पायात कायम मोजे आणि मी कायम घाईत. मोज्याला वास आला तेव्हा मी खाली वाकले.

साखर साडेतीनशेच्या खाली येत नाही. डॉक्टर म्हणतात, इन्सुलिन सुरू केल्याशिवाय जखम भरायची नाही. आई ऐकायलाच तयार नाही. "ज्या औषधाने ते गेले ते मी अंगात घालून घेणार नाही," असं म्हणून भिंतीकडे तोंड करते. मी एवढ्या लोकांना समजावून पोट भरते, पण घरात माझं कोण ऐकतंय!

म्हणून लिहिते आहे. तू एकदा ये. तिच्यासमोर बसून सांग की दोष औषधाचा नव्हता, डोस भरताना तुझ्या हातून चूक झाली. तुझ्या तोंडून ऐकलं की ती मानेल. मी तुला कधीच दोष दिलेला नाही, हे तू पण जाणतेस. तेवीस वर्षांची होतीस, नुकती पास झालेली. भरलेली सिरिंज मला दाखवायची, विचारायचं, ते राहून गेलं. माणसाच्या हातून होतं असं.

लवकर ये.

तुझी ताई


१९ जानेवारी

ठमे,

उत्तर नाही. बरं. नसू दे.

आईचं बोट काढलं. परवा सकाळी, वीस मिनिटांत. ती भुलीतून बाहेर आल्यावर म्हणाली, "एकच काढलं ना? चप्पल बसेल ना?" सर्जन हसला. मी पण हसले. मग बाहेरच्या बाकावर बसून रडले. तिथल्या सफाईवाल्या बाईंनी माझे पाय उचलायला लावून खालून पोछा मारला आणि म्हणाल्या, "रडा तुम्ही, माझं चालू आहे."

इन्सुलिनला अजून नकारच. शिफ्टची नर्स ट्रे घेऊन आली की आई दोन्ही हात पांघरुणात घालते, शाळेत छडी चुकवणाऱ्या पोरीसारखे. नर्स माझ्याकडे बघते. तिला मीच शिकवलेलं आहे.

वर्ग चालू आहेत. सुट्टी मिळाली असती, पण घरी बसून काय करू? या खेपेला सत्तावीस जणी आणि चार जण आहेत. तिसऱ्या मजल्यावरचा तोच हॉल, तेच स्पंजचे तुकडे, सलाइनच्या बाटल्या. एक गोष्ट मी नवीन सुरू केली आहे. पहिल्या दिवशी प्रत्येकाला डायरी देते आणि सांगते, तीन दिवस तुम्ही पेशंट. दिवसातून चार वेळा बोट टोचायचं, आकडा लिहायचा, दोन वेळा पोटात सलाइनची सुई घ्यायची. तिसऱ्या दिवशी डायऱ्या गोळा करते. निम्म्या खोट्या असतात. मला वाचताक्षणी कळतं, कारण खोटे आकडे फार शहाणे असतात, शंभर, एकशेदहा, एकशेपाच, एकही जागा रिकामी नाही. मग मी विचारते, स्वतःच्या अंगावर तीन दिवस जमलं नाही, पेशंटला आयुष्यभर कसं जमतं? सगळ्या खाली बघतात. मला आवडतो तो क्षण, खोटं कशाला बोलू.

यावेळी एकीच्या डायरीत सरळ लिहिलेलं, 'दुपारी टोचलं नाही, दुखतं म्हणून.' 'रात्री विसरले.' चष्मेवाली आहे, मागच्या रांगेत बसते, डबाही एकटीच खाते. मी तिचं सगळ्यांसमोर कौतुक केलं आणि ते मला महागात पडलं.

दुपारी मी नेहमीची केस सांगितली. तुला सांगायला हरकत नाही, ती केस आपलीच आहे. नावगाव काही सांगत नाही. साठीचे गृहस्थ, घरी इन्सुलिन चालू, मुलगी नवशिकी नर्स, घाईत जास्त डोस गेला, तिने कोणाला दाखवला नाही, साखर कोसळली, अकरा दिवसांनी गेले. शिकवण काय, तर भरलेली सिरिंज दुसऱ्या नर्सला दाखवल्याशिवाय टोचायची नाही. आठ वर्षं सांगते आहे. सगळ्या मान डोलावतात आणि लिहून घेतात.

चष्मेवालीने हात वर केला. "मॅडम, तिने दाखवली नाही हे कोणी सांगितलं?"

मी म्हटलं, "घरातल्यांनी."

"घरातल्या कोणाला दाखवणार होती ती? दुसरी नर्स घरात होती का?"

मी चहाची सुट्टी दिली. अजून वीस मिनिटं बाकी होती.

ताई


१ फेब्रुवारी

ठमे,

पाय काळा पडत चालला आहे. काढलेल्या बोटाची जागा भरली नाही, आता तळव्याकडून वर चढतंय. सर्जनने मला व्हरांड्यात गाठून सांगितलं, "तुम्ही यातल्या आहात म्हणून स्पष्ट बोलतो. तीन आठवड्यांपूर्वी साखर आटोक्यात आली असती तर बोटावर भागलं असतं." मी मान हलवली. मी दुसऱ्यांच्या नातेवाइकांना अगदी हेच वाक्य कितीदा ऐकवलं असेल.

आता जे लिहिते आहे ते शांतपणे वाच. उभी असशील तर बस.

बाबांचं इन्सुलिन दाट होतं, शंभरवालं. त्याला लागते ती नारिंगी टोपणाची सिरिंज. त्या आठवड्यात घरातल्या सिरिंज संपल्या होत्या आणि दुकानात जायचा मला कंटाळा आला होता. माझ्या ट्रेनिंगच्या बॅगेत वर्गात सराव करायच्या सिरिंज होत्या, लाल टोपणाच्या, पातळ इन्सुलिनच्या. मूठभर काढल्या आणि बाबांच्या सिरिंज ठेवायच्या बिस्किटांच्या डब्यात टाकल्या. रविवारी टाकल्या. सोमवारी आणणार होते बरोबरच्या.

सोमवारी सकाळी तू वीसच्या खुणेपर्यंत भरलंस. हात तुझा बरोबर होता. पण त्या सिरिंजवरची वीसची खूण म्हणजे दाट औषधाचे पन्नास. तू अगदी नेमके वीस भरलेस आणि बाबांच्या अंगात पन्नास गेले.

तू बाळंतिणींच्या वॉर्डात होतीस, तुला कुठून माहीत असणार दोन रंगांचं? मला माहीत होतं. मी तेच शिकवायची तयारी करत होते. ॲम्ब्युलन्स आली, बाबांना खाली नेलं, तू त्यांच्याबरोबर गेलीस, आई चपला शोधत होती, तेव्हा मी डबा उघडला. उरलेल्या सिरिंज परत बॅगेत टाकल्या. नंतर डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी सांगितलं, दोनदा दिलं गेलं असावं. मी शिकवणारी, माझ्या शब्दावर कोण शंका घेणार? त्यांनी तसंच लिहून घेतलं.

झालं. लिहिलं एकदाचं.

एक खरं की तूही विचारायला हवं होतंस. वेगळ्या रंगाचं टोपण हातात आलं तर एका शब्दाने विचारायचं होतंस. मी घरातच होते.

ताई


८ फेब्रुवारी

ठमे,

आईला सांगितलं.

गुरुवारी सकाळी, जखमेची पट्टी बदलून झाल्यावर. गुडघ्याखालून पाय काढायचं ठरलं होतं आणि भूल देणाऱ्या डॉक्टरने स्पष्ट सांगितलं होतं की साखर एवढी असताना टेबलावर घेणं म्हणजे जुगार आहे. मी खुर्ची ओढून बसले आणि वर्गात बोलते तशी बोलायला लागले, सिरिंज दोन प्रकारच्या असतात वगैरे. ती म्हणाली, "मला शिकवू नकोस, काय ते बोल." मग बोलले. डबा, बॅग, लाल टोपणं, सगळं.

मला वाटलं मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. शेवटी म्हणाली, "म्हणजे औषध चांगलं होतं?"

"हो आई."

"आणि मी आठ वर्षं त्या बाटलीला शिव्या देत बसले."

मग पांघरुणातून हात काढला. माझ्यापुढे नाही, नर्सपुढे. नर्सने सिरिंज भरली, दुसरीला दाखवली, दुसरीने आकडा मोठ्याने वाचला, पहिलीने टोचली. आई सगळं डोळे बारीक करून बघत होती. "एवढंच?" म्हणाली. "एवढंच असतं होय?"

दोन दिवसांत साखर दोनशेवर आली. शनिवारी पाय काढला.

तू काय केलंस त्याबद्दलही तिने विचारलं. मी उत्तर दिलं. ती म्हणाली, "एका शब्दाने विचारायचं होतं गं पोरीने." मी तिचा उजवा पाय चेपत होते. नंतर म्हणाली, "तरी तिला बोलाव. तिच्यावर फार ओरडले मी तेव्हा. उंबऱ्यातून हाकललं." मी म्हटलं बोलावते.

म्हणून हे पत्र. ये. या पत्रात एकही टोमणा नाही, बघ.

ताई


१४ फेब्रुवारी

ठमे,

आई गेली. मंगळवारी दुपारी.

पाय काढायला उशीर झाला होता, विष रक्तात उतरलं होतं. चार दिवस झुंजली. तुला तार करावी, फोन करावा असं वाटलं, पण तार आता कुठे असते आणि फोन तू उचलत नाहीस. लाँड्रीचा नंबर मावशीने शोधून काढला, तिथल्या माणसाने सांगितलं की निरोप देतो. दिला की नाही माहीत नाही.

सगळं उरकलं. माणसं आली, गेली. सगळे मला म्हणत होते, घरात तू शिकलेली होतीस म्हणून आईचं एवढं झालं, नाहीतर कोण करतं. मी हो हो म्हणत होते. एकालाही अडवलं नाही.

शेवटच्या दिवशी ती शुद्धीत थोडाच वेळ होती. तुझं नाव घेतलं, म्हणजे ठमी ठमी केलं. मग म्हणाली, "विचारलं असतंस तर," आणि मला तू समजून माझ्या हातावर थोपटलं. मी तू झाले. गप्प बसून थोपटून घेतलं.

कपाटात तुझी शाल सापडली, तपकिरी. आईने घडी करून, डांबराची गोळी घालून ठेवलेली. पाठवू का?

ताई


५ मार्च

ठमे,

तुझं कार्ड मिळालं. आठ वर्षांत पहिलं आणि त्यावर पाच शब्द. आईबद्दल एक शब्द नाही, डब्याबद्दल नाही, मला शिवी नाही. मी उलटून मागची बाजूसुद्धा बघितली. 'ताई, मी विचारलं होतं ना?' बस.

ते कार्ड घेऊन मी तीन दिवस हिंडते आहे. एप्रनच्या खिशात होतं, त्याला सलाइनचा डाग पडला.

बाबा आयसीयूत होते तेव्हा तू मला जिन्यात धरून हेच विचारलं होतंस. तुला आठवतं ना मी काय म्हटलं? मी तुझे खांदे धरले, मोठ्या मायेने, आणि म्हटलं, "नाही गं, तू विचारलं नाहीस, धक्क्याने असे भास होतात." दुसऱ्या दिवशी तू परत विचारलंस, मी परत तेच सांगितलं. तिसऱ्या दिवशी तू विचारायची थांबलीस. नोकरीचा राजीनामा तू त्यानंतर दिलास. वॉर्डात औषध भरताना एकच गोष्ट चार-चार वेळा तपासतेस, कामं मागे राहतात, अशी तक्रार तुझ्या मेट्रनने माझ्याकडेच केली होती. मी म्हटलं, तिला विश्रांतीची गरज आहे.

सिरिंज टाकणं हा आळस होता. तो कबूल करायला मला आठ वर्षं लागली, पण एकदा लिहायला बसल्यावर ते जमलं. हे दुसरं मात्र जमत नव्हतं. मागची पत्रं काढून बघ. प्रत्येकात मी थोडं थोडं खरं लिहिलं आणि हे एक खोटं जपून ठेवलं, माझ्या वर्गातल्या डायऱ्यांसारखं, एकही जागा रिकामी न सोडता. आईने विचारलं, "तिने तुला दाखवलं नव्हतं?" मी म्हटलं, नाही. तिचा पाय जायची वेळ आली होती, ती उघड्या डोळ्यांनी माझ्याकडे बघत होती, आणि मी म्हटलं, नाही. ती तेच मनात घेऊन गेली. आता मी ते कोणाला जाऊन सांगू? याची माफी मागायला माझ्याकडे तोंड नाही आणि मी मागत पण नाही.

काल नवीन बॅच सुरू झाली. चष्मेवाली आता आमच्याच हॉस्पिटलात लागली आहे, तिला मी मुद्दाम बोलावून मागच्या रांगेत बसवलं. केस सांगितली. यावेळी गृहस्थांना माझे वडील म्हटलं, आणि दुसरी नर्स घरात कुठे उभी होती तेही सांगितलं. कोणी मान डोलावली नाही. कोणी लिहूनही घेतलं नाही. चष्मेवालीने चष्मा काढून पुसला आणि परत घातला. संध्याकाळी ट्रेनिंगच्या मुख्य बाईंकडे सगळं लेखी देऊन आले. त्या म्हणाल्या, पुढचे वर्ग सध्या दुसरं कोणी घेईल. त्या कागदाची एक प्रत यासोबत आहे. तुझ्या जुन्या मेट्रनलाही एक पाठवली आहे. तू चादरी इस्त्री कर नाहीतर परत वॉर्डात जा, तुझी मर्जी, पण त्या कागदावर तुझा हात बरोबर होता असं लिहिलं आहे आणि खाली माझी सही आहे.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. नीट लिहिते, कारण हे मला रोज दिसतं.

सकाळचे पावणेआठ झाले होते. मी आतल्या खोलीत आरशासमोर उभी राहून माझं पहिलं भाषण पाठ करत होते, हातात घड्याळ धरून, बारा मिनिटांत बसवायचं होतं. तू दारात आलीस. ओले केस, खांद्यावर पंचा, सिरिंज उजेडाकडे धरलेली. तू म्हणालीस, "ताई, आज लाल टोपणाची आहे. वीस भरलंय. बघ ना एकदा." मी आरशातच बघत म्हटलं, "हो, बरोबर आहे."

तुला इथपर्यंत आठवत असेल. पुढचं तू विसरली असशील, किंवा मी तुला विसरायला लावलं असेल. तू निघालीस, दोन पावलं गेलीस आणि परत आलीस. म्हणालीस, "बघितलंस का पण? तू वळलीच नाहीस." माझं वाक्य तुटलं म्हणून मी चिडले. पाठमोरीच ओरडले, "बघितलं गं बाई, जा आता."

आणि तू गेलीस, कारण मी ताई होते.

ठमे, तू विचारलं होतंस. दोनदा विचारलं होतंस.

ताई